ताईंच्या नावावरची तेवीस पुस्तके : एका वाचनालयातील आकस्मिक मृत्यूनंतरचे प्रकरण

ग्रंथपालाच्या अचानक झालेल्या मृत्यूनंतर एका सार्वजनिक वाचनालयाने त्यांची आठवण कशी ठेवायची हे कसे ठरवले, याची ही नोंद आहे. गावाचे आणि व्यक्तींची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील व रकमा बदलल्या आहेत. प्रस्तुत लेखक त्या काळात कार्यकारी मंडळाचा सदस्य होता. पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी काही ठरावांच्या वेळी त्याचाही हात वर होता, हे आधीच सांगितलेले बरे.

पार्श्वभूमी

हे वाचनालय कोकणातील एका तालुक्याच्या गावी आहे आणि त्याने शंभरी ओलांडली आहे. कोकणाला ही अपूर्वाई नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. आमच्या संस्थेची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये तिला शासनाची मान्यता आहे, आणि त्यामुळे वर्षाकाठी अनुदान मिळते. अनुदान हप्त्यांनी येते, आणि हप्ता जमा झाला की मगच कर्मचाऱ्यांचे मानधन काढायचे असा मंडळाचा जुना रिवाज होता. संस्थेची मुदतठेव बँकेत होती, परंतु तिला हात लावायचा नाही हाही तितकाच जुना रिवाज होता.

कर्मचारी तीन होते: ग्रंथपाल, सहायक आणि शिपाई. ग्रंथपाल बाईंना सगळे गाव ‘ताई’ म्हणत असे, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. त्यांची सेवा चोवीस वर्षांची होती. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, बालविभाग, दिवाळी अंकांची योजना, वार्षिक तपासणीची कागदपत्रे हे सगळे त्या पाहत असत. मंडळाच्या सभेत त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि विचारले तेवढेच बोलत. सभागृहाच्या भिंतींवर संस्थापक, देणगीदार आणि माजी अध्यक्ष यांची तैलचित्रे आहेत. त्यांत एकही कर्मचारी नाही, आणि ही गोष्ट तोवर कोणाच्या लक्षातही आलेली नव्हती.

घटना आणि पहिले दोन दिवस

ऑक्टोबर २०२३ मध्ये, १५ तारखेचा वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम रविवारी झाला. सोमवारी साप्ताहिक सुट्टी होती. त्या संध्याकाळी ताईंचे डोके विलक्षण दुखू लागले. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत त्यांची शुद्ध हरपली होती, आणि मंगळवारी पहाटे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४९ होते. मागे पती, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि सासूबाई असा परिवार होता.

सहायकेने मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे वाचनालय उघडले, कारण तिला काहीच कळलेले नव्हते. वर्तमानपत्रे वाचणारे ज्येष्ठ येऊन बसले होते. नऊच्या सुमारास अध्यक्षांचा दूरध्वनी आला आणि वाचनालय बंद करण्यास सांगण्यात आले. तसे करणे प्रथेला धरूनच होते. मात्र बातमी आधी कुटुंबाकडून कळू द्यावी, आपण जाहीर करू नये, असे अध्यक्षांचे मत पडले, आणि म्हणून दारातल्या फळ्यावर ‘काही कारणास्तव आज वाचनालय बंद राहील’ एवढेच लिहिले गेले. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की वीस-वीस वर्षे त्यांच्या हातून पुस्तक घेतलेल्या माणसांना ही बातमी भाजीच्या गाडीवर कळली, आणि अनेकांना अंत्यदर्शनाची वेळ साधता आली नाही.

त्याच संध्याकाळी एस.टी. स्थानकासमोर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर ताईंचा दोनच दिवसांपूर्वीच्या कार्यक्रमातला फोटो होता, आणि त्याच्या दुप्पट आकाराचे श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो होते. स्मशानातून परतणाऱ्या मुलीने तो पाहिला. फ्लेक्स वाचनालयाने लावलेला नव्हता, परंतु फोटो वाचनालयातूनच गेला होता. कोणी मागितला आणि कोणी दिला हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.

रोकड, नोंदवही आणि कुजबुज

दिवाळीला चार आठवडेही उरले नव्हते. कोणत्याही वाचनालयात हे दिवस दिवाळी अंकांच्या योजनेचे असतात: सभासदांकडून जादा रक्कम जमा करायची, अंकांची मागणी नोंदवायची, अंक आले की कव्हरे घालून क्रमांक टाकायचे आणि पाळीपाळीने फिरवायचे. त्या वर्षी एकशे चाळीस सभासदांनी नावे दिली होती. पैसे ताईंच्या खणात होते आणि यादी त्यांच्या अक्षरात होती.

निधनाच्या तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांनी तो खण उघडला. दोघेही सचोटीचे, त्याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती, तरीही मोजणीच्या वेळी कुटुंबातील कोणी नव्हते, सहायका नव्हती आणि मोजणीचा कागदही झाला नाही. यादीच्या बेरजेपेक्षा रोकड ६,४०० रुपयांनी कमी भरली. त्याच दिवशी देवघेव नोंदवही चाळताना ताईंच्या स्वतःच्या सभासद क्रमांकावर तेवीस पुस्तके दिलेली आढळली. काही तर आदल्याच आठवड्यातली होती. नियमाप्रमाणे एका सभासदाला एका वेळी दोनच पुस्तके मिळतात.

सभेत कोणीही आरोप केला नाही. ‘ताईंकडे तेवीस पुस्तके अडकली आहेत आणि थोडा हिशेब लागत नाही’ एवढेच एक वाक्य बोलले गेले, आणि दहाव्यापर्यंत ते गावात पोचले. हे प्रकरण लिहून ठेवण्याचे मुख्य कारण हे वाक्य आहे. ज्या बाईंची स्मृती कशी जपावी याचा आम्ही विचार करत होतो, त्यांच्याविषयी पहिली जी गोष्ट आमच्याकडून बाहेर गेली ती ही होती.

उलगडा आठवडाभरात झाला. अंक पुरवणाऱ्या विक्रेत्याने मागणी कायम आहे ना हे विचारण्यासाठी दूरध्वनी केला, तेव्हा त्याच्याकडे ताईंनी ८,००० रुपये आगाऊ भरल्याचे कळले. पावती त्यांच्या घरी पिशवीत सापडली. खणातले ६,४०० रुपये आणि स्वतःच्या पदरचे १,६०० रुपये मिळून त्यांनी ती रक्कम भरली होती, कारण आगाऊ भरल्यास सवलत जास्त मिळत असे. म्हणजे संस्थेचे त्यांच्याकडे काही येणे नव्हते; संस्थाच त्यांना १,६०० रुपये देणे लागत होती. गावात गेलेले वाक्य मात्र परत आणण्याची सोय नव्हती.

शनिवारची पिशवी

तेवीस पुस्तकांचा उलगडा वेगळ्या मार्गाने झाला. निधनानंतरच्या दुसऱ्या शनिवारी एका घरातून सहायकेला विचारणा झाली: सासऱ्यांची पुस्तके बदलायला ताई का आल्या नाहीत? त्या घरी बातमी पोचली होती, पण ताईंच्या जागी दुसरे कोणीतरी येईल असे ते धरून चालले होते. मग शिपाईकाकांनी सांगितले की ताई दर शनिवारी वाचनालय बंद झाल्यावर कापडी पिशवीत पुस्तके घालून स्कूटीवरून अकरा घरी जात असत. ज्यांना जिना उतरवत नाही, ज्यांची नजर अधू आहे, जे अंथरुणाला खिळलेले आहेत, अशी ती घरे होती. त्यांतल्या बहुतेकांचे सभासदत्व वर्गणी थकल्यामुळे केव्हाच बंद पडले होते, म्हणून पुस्तके ताईंच्या स्वतःच्या क्रमांकावर जात असत.

घरपोच पुस्तके देणाऱ्या व्यवस्था मोठ्या शहरांत आहेत. आमच्या गावात तशी काही व्यवस्था आहे हे मंडळालाच ठाऊक नव्हते. ताईंनी ते का सांगितले नाही याचा अंदाज करणे कठीण नाही. सांगितले असते तर प्रथम नियम पुढे आला असता, मग अनामतीचा प्रश्न, मग उपसमिती.

पिशवी पुढे चालू ठेवायची की नाही हा प्रश्न निकालात निघण्याआधी एक नाजूक निर्णय समोर आला. अकरा घरांपैकी एका घरी ऐंशीच्या पुढच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या मुलाने सहायकेला बजावले की आईची प्रकृती नाजूक आहे, ताई गेल्याचे तिला कळू देऊ नका. सहायका पुस्तक घेऊन गेली आणि ‘ताई रजेवर आहेत’ असे म्हणाली. पुढच्या शनिवारी तेच म्हणाली. तिसऱ्या वेळी आपल्याला हे जमणार नाही असे तिने मंडळाला येऊन सांगितले.

येथे तीन मते पडली. कुटुंबाची इच्छा अंतिम मानावी, असे एक मत होते. खोटे बोलणे टाळावे पण आपण होऊन काही सांगू नये, म्हणजे काही दिवस शिपाईकाकांना पाठवावे, असे दुसरे मत होते. तिसरे मत त्यांच्या मुलाशी बोलून त्याच्याच उपस्थितीत सांगावे असे होते. तिसरे मत मान्य झाले, पण तोवर महिना उलटून गेला होता. सांगितल्यावर बाई रडल्या नाहीत, रागावल्या. “इतकी वर्षं ती माझ्याकडे येत होती, आणि तुम्ही मला तिच्या दहाव्या-तेराव्याला घरात बसून हळहळूसुद्धा दिलं नाही,” असे त्या म्हणाल्या. पुढचे दोन महिने त्यांनी वाचनालयाचे पुस्तक घेतले नाही. नाजूक प्रकृतीच्या माणसाला धक्का बसू नये म्हणून आपण जे लपवतो, त्यातून त्याचा शोक करण्याचा हक्क आपण काढून घेत असतो, ही बाजू चर्चेत कोणीही मांडली नव्हती. ती त्यांनाच मांडावी लागली.

शोकसभा

तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा झाली. वक्त्यांची यादी मानाप्रमाणे केली होती आणि त्यांना वेळ ठरवून दिलेला नव्हता. अध्यक्ष, दोन माजी अध्यक्ष, लोकप्रतिनिधी, शेजारच्या वाचनालयाचे कार्यवाह, असे एकामागून एक बोलत गेले. जवळजवळ सगळ्यांनी ‘निष्ठा’, ‘तळमळ’ आणि ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हेच शब्द वापरले. पावणेदोन तास झाले तेव्हा मागच्या रांगांतले वाचक उठू लागले होते. ताईंनी ज्यांच्यासाठी चोवीस वर्षे काम केले त्यांच्यापैकी एकालाही व्यासपीठावर बोलायला मिळाले नाही. त्यांच्या मुलीला ‘दोन शब्द’ बोलण्यास सांगितले गेले, तेही पूर्वकल्पना न देता. ती उठून उभी राहिली, हात जोडले आणि खाली बसली.

वाचकांना जे बोलायचे होते ते त्यांनी नंतर देवघेवीच्या खिडकीशी सांगितले, आणि ते कोणी ठरवून घडवून आणलेले नव्हते. वाचनालय उघडल्यावर पुस्तक परत करायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण दोन मिनिटे थांबत असे. एका रिक्षाचालकाला त्यांनी पहिले पुस्तक कोणते दिले होते, दहावीला नापास झालेल्या मुलाला परीक्षेची नव्हे तर शिकारकथांची पुस्तके कशी दिली, नवरा वारलेल्या बाईला ‘आत्ता हे नको, पुढच्या महिन्यात द्या असं मीच तुम्हाला सांगेन’ असे म्हणून एक कादंबरी कशी परत कपाटात ठेवली. सहायकेने यातल्या काही गोष्टी दाखल नोंदवहीच्या कोऱ्या पाठपानावर लिहून ठेवल्या. त्या आजही तेथे आहेत, आणि लेखापरीक्षकाने त्यावर शेरा मारलेला नाही.

वही

ताईंच्या खणात दोन शंभरपानी वह्या सापडल्या. त्यांत वाचकवार नोंदी होत्या: कोणाला मोठा टाइप लागतो, कोणी काय वाचून संपवले, कोणाला कोणता लेखक आवडला नाही. त्यांबरोबर काही नोंदी अशाही होत्या: ‘मुलगा बुडून गेला, समुद्राच्या गोष्टी नकोत’, ‘घरी वाचलेले चालत नाही, पुस्तक दुकानात द्यावे’.

स्मरणिका काढायचे ठरले होते, आणि तिच्या संपादकांना या वहीची पाने छापायची होती. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. शंभर भाषणांतून जे कळणार नाही ते या चार ओळींतून कळते. पण त्या ओळी ताईंच्या असल्या तरी त्यातले दुःख दुसऱ्याचे होते, आणि आडनाव गाळले तरी आमच्या गावात कोणाचा मुलगा बुडाला हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पाने छापू नयेत असा निर्णय झाला. निर्णय योग्य होता, पण उशिरा झाला, कारण चर्चा चालू असतानाच एका सदस्याने ‘बघा, किती बारकाईने पाहत होत्या’ असे म्हणत एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने काही न बोलता पुस्तके परत केली आणि अनामत मागितली. अध्यक्ष त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. ते गृहस्थ अजून परत आलेले नाहीत.

वही कोणाची, हाही प्रश्न होता. कार्यालयीन वेळात लिहिलेली म्हणून संस्थेची, की स्वतःच्या वहीत स्वतःसाठी लिहिलेली म्हणून कुटुंबाची? शेवटी वह्या मुलीकडे गेल्या. त्याआधी सहायकेने कामापुरती माहिती, म्हणजे टाइपचा आकार, घरपोच सेवेची गरज आणि आवडते विषय, वेगळ्या यादीत उतरवून घेतली, आणि तीही त्या त्या वाचकाला विचारून. हे विचारणे वेळखाऊ होते. तीन आठवडे गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण प्रकरणात आम्ही नीट केलेली ही एकमेव गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय मंडळाचे नाही.

पैसा : देणे आणि मदत

शोकसभेतच मदतनिधीची घोषणा झाली होती. निधी कोठे जमा करायचा यावर निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एका वाचकाने दोन अडचणी दाखवल्या. संस्थेच्या खात्यात पैसे घेतले तर ते संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टांसाठीच खर्च करता येतात, आणि एका कुटुंबाला मदत हे वाचनालयाचे उद्दिष्ट नाही. उलट एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे जमवले, तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावर सगळीच त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते, आणि शिवाय हिशेबावरून कुजबुज होते, जी आम्ही नुकतीच अनुभवली होती. म्हणून ज्याला द्यायचे त्याने मुलीच्या नावे थेट धनादेश द्यावा असे ठरले. रक्कम किती जमली याची यादी केली नाही, आणि ते बरेच झाले.

त्याच गृहस्थांनी ताईंच्या पासबुकात मे महिन्यातली ४३६ रुपयांची नोंद दाखवली. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा तो वार्षिक हप्ता असतो, आणि विमेदाराचा कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. कुटुंबाला याची कल्पना नव्हती. मृत्यूचा दाखला, दावा अर्ज आणि नामनिर्देशिताची कागदपत्रे घेऊन ते स्वतः पतींबरोबर बँकेत गेले, आणि दावा मंजूर झाला. अनेक घरांत ही नोंद पासबुकात असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले आहे.

या साऱ्या धावपळीत जो प्रश्न सर्वांत आधी यायला हवा होता तो सर्वांत शेवटी आला, आणि तोही सहायकेने, दाराजवळच्या त्याच खुर्चीवरून, विचारला: “ताईंचं पाच महिन्यांचं मानधन राहिलंय, ते कधी देणार?” हप्ता न आल्यामुळे एप्रिलनंतरचे एकाच महिन्याचे मानधन निघाले होते. आम्ही कुटुंबासाठी गावाकडे मदत मागत होतो, आणि त्याच कुटुंबाला आम्ही स्वतःच देणे लागत होतो. मुदतठेव प्रथमच मोडण्यात आली. थकलेले मानधन आणि वर उल्लेखलेले १,६०० रुपये यांचा धनादेश मदत म्हणून नव्हे, तर स्वतंत्र पत्रासह देण्यात आला. त्या पत्रात ‘देय रक्कम’ असाच शब्द असावा असा आग्रह कोषाध्यक्षांनी धरला. खणाच्या मोजणीची बोच त्यांच्या मनात होती असे वाटते.

उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) प्रश्नही निघाला. त्या वेळी अमलात असलेला १९७२ चा उपदान कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि आमच्याकडे तिघेच होते, त्यामुळे कायद्याने बंधन नव्हते. तरी त्याच हिशेबाने, म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे मानधन, रक्कम द्यावी असा प्रस्ताव आला. ‘पायंडा पडेल’ ही हरकत निघाली, आणि ‘पडू द्या’ हे तिला उत्तर मिळाले. प्रस्ताव दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला, पण ठरावात ‘उपदान’ऐवजी ‘सन्माननिधी’ हा शब्द घालण्यात आला, आणि रक्कम तीन हप्त्यांत देण्याचे ठरले. शब्द बदलल्याने हक्काची बाब मेहेरबानीची झाली, असे लेखकाने त्या वेळी म्हणायला हवे होते. तो गप्प बसला.

स्मारकाचे पर्याय

मंडळापुढे आलेल्या सूचना नेहमीच्याच होत्या: तैलचित्र, बालविभागाला नाव, वार्षिक व्याख्यान, उत्कृष्ट वाचक पुरस्कार, आणि घरपोच सेवा ताईंच्या नावाने चालू ठेवणे. एका देणगीदाराने बालविभागाच्या नूतनीकरणाचा सगळा खर्च देऊ केला, मात्र पाटीवर ताईंच्या नावाबरोबर त्याच्या वडिलांचेही नाव असावे अशी अट होती. ती नाकारली गेली. व्याख्यान आणि पुरस्कार यांवर फार वेळ गेला नाही.

खरी चर्चा तैलचित्रावर झाली. संस्थापकांच्या रांगेत कर्मचाऱ्याचे चित्र लावले तर उद्या प्रत्येकाचे लावावे लागेल, असे एका ज्येष्ठ सदस्याने म्हटले. चोवीस वर्षांत एकही अध्यक्ष जितके दिवस वाचनालयात आला नाही तितके दिवस ताई एका वर्षात येत होत्या, असे त्यावर एक सदस्या म्हणाल्या. मुलीचे मत विचारण्यात आले. आईला फोटो काढून घेणेच आवडत नसे आणि त्या फ्लेक्सनंतर आपल्याला भिंतीवर काही नको आहे, असे तिने सांगितले. इतिवृत्तात ‘कुटुंबाच्या इच्छेनुसार तैलचित्राचा प्रस्ताव मागे घेण्यात आला’ अशी नोंद आहे. ती खोटी नाही. परंतु मुलीचे उत्तर आल्यावर सभेत काही जणांना जी सुटका वाटली, ती इतिवृत्तात नाही.

घरपोच सेवा चालू ठेवण्याचा ठराव एकमताने झाला. नियमात बदल करून अंथरुणाला खिळलेल्या व ऐंशीपुढील वाचकांना वर्गणी आणि अनामत माफ करण्यात आली. नाव द्यायचे का यावर मुलगी म्हणाली, “नाव द्या किंवा नका देऊ, शनिवार चुकवू नका.” नाव दिलेले नाही.

परिणाम

सुरुवातीला दहा तरुण स्वयंसेवकांनी नावे दिली. जानेवारीपर्यंत तिघे उरले, आणि एप्रिलमध्ये, परीक्षांच्या काळात, तीन शनिवार चुकले. त्यानंतर हे काम स्वयंसेवकांवर न सोडता शिपाईकाकांच्या कामात धरून त्याचे वेगळे मानधन आणि पेट्रोलचा खर्च ठरवला, तेव्हा ते सुरळीत झाले. ताईंनी चोवीस वर्षांत पेट्रोलचा एक रुपयाही मागितला नव्हता, आणि म्हणूनच या कामाला खर्च असतो हे आमच्या लक्षात आलेले नव्हते. घरे आता चौदा आहेत. मूळच्या अकरांपैकी चार वाचक दरम्यान वारले.

सहायकेने ग्रंथपालन प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला असून ती आता ग्रंथपाल आहे. मानधन हप्त्याची वाट न पाहता दरमहा ठेवीच्या व्याजातून द्यावे आणि अनुदान आल्यावर भरपाई करावी, असा ठराव झाला आहे. दोन महिने व्याज कमी पडले तेव्हा पुन्हा जुना रिवाज डोके वर काढू पाहत होता. स्मरणिका निघाली नाही. दुसऱ्या वर्षी देवघेवीच्या खिडकीमागे, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, ताईंचा एक छोटा फोटो लावलेला आढळला. तो कोणी लावला हे मंडळाने विचारले नाही, आणि मुलीने तो पाहिला तेव्हा तिनेही काढायला सांगितला नाही.

वेगळे काय करता आले असते

फळ्यावर पहिल्याच दिवशी कुटुंबाच्या संमतीने निधनाची बातमी आणि अंत्यविधीची वेळ लिहायला हवी होती; त्यासाठी एक दूरध्वनी पुरला असता. वाचनालय दिवसभर बंद ठेवण्याऐवजी दुपारनंतर वाचनकक्ष उघडा ठेवला असता तर एकत्र बसायला लोकांना जागा मिळाली असती. या मुद्द्यावर मंडळात अजूनही दुमत आहे, आणि बंद ठेवण्यामागची मर्यादाही लेखकाला समजते.

खण उघडताना कुटुंबातील एक व्यक्ती, एक कर्मचारी आणि दोन पदाधिकारी असावेत, मोजणीचा कागद तेथेच करून सगळ्यांनी सह्या कराव्यात, आणि हिशेब जुळेपर्यंत त्यावर सभेतही बोलू नये, असा नियम आता लेखी आहे. तो आधी असता तर ६,४०० रुपये ही एक अपुरी नोंद राहिली असती, बातमी झाली नसती. उलगडा झाल्यानंतरही आम्ही फक्त सभेत खुलासा केला. कुजबुज जेथे गेली होती तेथे, म्हणजे वाचकांपुढे, लेखी खुलासा लावायला हवा होता. तो आम्ही लावला नाही, आणि त्याचे कारण संकोच एवढेच होते.

शोकसभेत पदाधिकाऱ्यांपैकी एकानेच बोलून बाकीचा वेळ वाचकांना द्यायला हवा होता. मुलीला बोलायचे आहे का, हे आदल्या दिवशी विचारायला हवे होते. आणि निधीची घोषणा करण्याआधी कोषाध्यक्षांनी देणे किती आहे ते काढायला हवे होते.

तेवीस पुस्तकांपैकी बावीस परत आली. तेविसावे त्या निवृत्त शिक्षिकांकडे आहे. त्या आता पुन्हा पुस्तके घेतात, पण ताईंनी शेवटच्या शनिवारी आणून दिलेले ते एक पुस्तक त्यांनी परत केलेले नाही, आणि आम्ही मागितलेलेही नाही. वार्षिक पुस्तकगणनेत ते अजून ताईंच्या क्रमांकावरच निघते, आणि शेऱ्याच्या रकान्यात नव्या ग्रंथपाल दरवर्षी ‘वाचकाकडे’ असे लिहितात.